अंडपेशीला प्राणवायूचा जाच आणि वनस्पतींचे अर्क

धारवाडचा पेढा म्हटला की लाइन बझारातील जुनी दुकाने, त्यांच्यापुढील रांग आणि साखरेत घोळलेला तो तपकिरी, खरपूस वासाचा पेढा डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यामागे उभ्या असलेल्या म्हशीची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते. मध्यम बांध्याची, काळीभोर, अर्धचंद्राकार शिंगांची ही म्हैस उत्तर कर्नाटकातील कोरड्या चाऱ्यावर आणि कडक उन्हात पिढ्यानुपिढ्या तग धरून राहिली. तिला 'धारवाडी' या नावाने स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळण्यासाठी मात्र २०२१ साल उजाडावे लागले. त्यासाठी आपल्या येथील कृषी विज्ञान विद्यापीठाने काही वर्षे अभ्यास केला होता. पेढ्याला भौगोलिक मानांकन त्यापूर्वी कितीतरी वर्षे आधीच मिळालेले होते. म्हणजे मान मिठाईला आधी आणि दूध देणारीला नंतर. असो.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत म्हशीचे काय काम, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्याच बाह्यरुग्ण विभागात सापडते. वंध्यत्वाच्या उपचारांसाठी येणाऱ्या स्त्रिया हल्ली पर्समधून एखादी बाटली काढून टेबलावर ठेवतात. बाटलीवर द्राक्षाचे बी, हळद, हिरवा चहा, आवळा, शतावरी यांपैकी काहींची चित्रे असतात आणि 'स्त्रीबीजाची गुणवत्ता सुधारते' असा दावा असतो. सोबत आलेल्या सासूबाई किंवा आई विचारतात, "झाडपाल्याचंच आहे, घ्यायला काय हरकत आहे?" या प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्या दाव्याचा माग काढीत मागे गेले, तर आपण बहुधा कोणत्याही रुग्णालयात पोहोचत नाही. आपण पोहोचतो एका काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तबकडीपाशी, आणि त्या तबकडीत असतात गाय, म्हैस, शेळी, मेंढी किंवा डुकरीण यांच्या अंडपेशी. प्रस्तुत लेखात त्या तबकडीपर्यंत जाऊन तेथे नेमके काय सिद्ध झाले आहे, हे पाहण्याचा विचार आहे.

म्हशीची कृपण ओटी

निसर्गाने म्हशीला दूध उदारपणे दिले. अंडपेशी देताना मात्र त्याने हात आखडता घेतला. गाईच्या अंडाशयांत सुमारे दीड लाख आदिपुटके असल्याचे जुन्या मोजणीत आढळले होते. म्हशींच्या निरनिराळ्या जातींवर झालेल्या मोजण्यांत हाच आकडा दहा ते वीस हजारांच्या घरात येतो. त्यातच उन्हाळ्यात म्हशीचा माज ओळखू येत नाही. आपले गवळी त्याला 'मुका माज' म्हणतात आणि तो शब्द इतका नेमका आहे की पाठ्यपुस्तकातील संज्ञेची गरज भासू नये. अंडपेशी मुळात थोड्या, त्यांतील पुष्कळशा वाढीच्या वाटेवरच नष्ट होणाऱ्या आणि उरलेल्यांचा योग्य काळ हुकणारा, अशी ही तिहेरी अडचण आहे.

पुटकांच्या या ऱ्हासाचा विषय धारवाडला परका नाही. कर्नाटक विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील डॉ. एस. के. सैदापूर यांनी बेडकांच्या अंडाशयांवर दीर्घकाळ संशोधन केले. सस्तन नसलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांमधील पुटक-ऱ्हासावर १९७८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा समीक्षालेख जगभर संदर्भासाठी वापरला गेला. ते पुढे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्याच विद्यापीठात डॉ. बी. बी. कलिवाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एंडोसल्फान, मँकोझेब यांसारख्या शेतीतील रसायनांचा मादी उंदरांच्या अंडाशयांवर होणारा परिणाम अभ्यासला. निरोगी पुटकांची संख्या घटते आणि ऱ्हास पावणारी पुटके वाढतात, असे त्यांत दिसले. यांपैकी एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली देशभर बंदी घातली. या रसायनांची अपायाची वाट पुष्कळ अंशी ऑक्सिडीकरणाच्या ताणातून जाते, असे अन्यत्र झालेल्या अभ्यासांवरून मानले जाते. म्हणजे ज्या विषयाची चर्चा आपण करीत आहोत त्याची एक बाजू आपल्या गावातच, श्रीनगर चौकापलीकडच्या टेकडीवर, अभ्यासली गेली होती.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. कमी अंडपेशी असलेल्या प्राण्याची उत्तम वंशावळ वाढवायची असेल, तर शरीराबाहेर फलन करणे हा एक मार्ग उरतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून बाह्यफलनाचे बालक जन्मले, ही घटना आपल्यापैकी ज्येष्ठांना चांगली स्मरत असेल. त्यानंतर चारच वर्षांनी, १९९० मध्ये, कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत म्हशीचे बाह्यफलित रेडकू जन्मले. त्याचे नाव सार्थपणे 'प्रथम' ठेवण्यात आले. याच संस्थेत २००९ साली क्लोनिंगने जन्मलेली 'गरिमा' ही पारडी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकली. २०१० साली 'गरिमा-२' आली आणि तिने २०१३ मध्ये 'महिमा' नावाच्या पारडीला नैसर्गिकपणे जन्म दिला. या यशाच्या मागे हजारो अशा अंडपेशी आहेत, ज्यांचे काहीही झाले नाही. आपल्या विषयाचे खरे मूळ त्या वाया गेलेल्या अंडपेशींत आहे.

तबकडीतले चोवीस तास

पद्धत थोडक्यात अशी. कत्तलखान्यातून, एरवी फेकूनच दिली जाणारी, अंडाशये कोमट क्षारद्रावणात थर्मासमधून प्रयोगशाळेत आणतात. सुई आणि पिचकारीने लहान पुटकांतील द्रव ओढून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडपेशी वेचतात. म्हशीच्या एका अंडाशयातून बऱ्याचदा एखाददुसरीच चांगली अंडपेशी हाती लागते. तिच्याभोवती क्युम्युलस पेशींचे वेटोळे असते. या अंडपेशी अजून कच्च्या असतात. त्यांना पोषकद्रवात, ३८.५ अंश सेल्सिअस तापमानात आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे चोवीस तास ठेवले की त्या परिपक्व होतात. मग शुक्रपेशींशी संयोग आणि पुढे सातव्या-आठव्या दिवशी, सारे सुरळीत घडले तर, ब्लास्टोसिस्ट.

यातील 'सुरळीत' हा शब्द महत्त्वाचा. शरीरात अंडपेशी अंधारात असते. येथे तिच्यावर सूक्ष्मदर्शकाचा प्रखर दिवा असतो. शरीरात तिच्याभोवती पुटकद्रव असतो आणि त्यात प्रकृतीने घातलेली संरक्षक द्रव्ये असतात. येथे आपण तयार केलेले क्षार आणि अमिनो आम्ले असतात. सर्वांत मोठा फरक प्राणवायूचा आहे. ससा, हॅमस्टर, ऱ्हीसस माकड यांच्या बीजवाहिनीत व गर्भाशयात मोजलेला प्राणवायू साधारण २ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान आढळला. प्रयोगशाळेतील नेहमीच्या उबवणयंत्रात तो हवेइतकाच, म्हणजे सुमारे २० टक्के असतो. आपण ज्याला जीवनदायी म्हणतो तो वायू अंडपेशीला गरजेच्या कितीतरी पट मिळतो आणि त्याचा जाच सुरू होतो.

प्राणवायूचा रेणू पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, म्हणजे मायटोकाँड्रियांत, टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉन घेतो. त्यातील काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात. त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी क्रियाशील रूपे तयार होतात. ती पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि डीएनए यांच्यावर हल्ला करतात. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. अंडपेशी शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक. तिच्यात मायटोकाँड्रियांची संख्या लाखाच्या घरात, आणि म्हशीच्या बाबतीत त्यात स्निग्ध थेंबांची इतकी गर्दी की अंडपेशी सूक्ष्मदर्शकाखाली काळपट दिसते. तूप खवट होते हे ज्यांनी स्वयंपाकघरात पाहिले आहे, त्यांना या काळपटपणाचा धोका समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या हल्ल्याविरुद्ध अंडपेशीचे मुख्य शस्त्र म्हणजे ग्लुटाथायोन. तीन अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू परिपक्वतेच्या काळात अंडपेशी स्वतःच साठवून ठेवते. त्याचे दुसरेही एक काम आहे, जे सामान्यतः विसरले जाते. शुक्रपेशीचे डोके गंधक-बंधांनी घट्ट आवळलेले असते. ती आत शिरल्यावर हे बंध सोडवून पित्याचे गुणसूत्र मोकळे करायचे असते, आणि ते काम अंडपेशीतील ग्लुटाथायोन करते. साठा अपुरा असेल तर फलन झाल्यासारखे दिसते. पण गाडी पुढे सरकत नाही.

ग्लुटाथायोन बनवायला सिस्टीन लागते. पोषकद्रवातील सिस्टीन हवेच्या संपर्कात लगेच ऑक्सिडीकृत होते आणि अंडपेशीला घेता येत नाही. १९९० च्या दशकात असे आढळले की द्रवात सिस्टिअमीन नावाचे साधे रसायन थोडे घातले, तर सिस्टीन पुन्हा घेण्याजोगे होते आणि अंडपेशीतील ग्लुटाथायोन वाढते. इटलीत मोझरेला चीजसाठी पाळल्या जाणाऱ्या म्हशींवर २००० सालाच्या सुमारास हाच प्रयोग झाला आणि भ्रूण तयार होण्याचे प्रमाण स्पष्टपणे सुधारले. हे सिस्टिअमीन काही वनस्पतीचा अर्क नव्हे, तर बाटलीतून येणारे स्वस्त रसायन. तरीही त्याची हकीकत येथे मुद्दाम दिली, कारण पुढे येणाऱ्या प्रत्येक अर्काची तुलना वास्तविक त्याच्याशी व्हायला हवी. ती फार थोड्या शोधनिबंधांत होते.

अर्कांची मिरवणूक

त्यानंतर वनस्पतींची पाळी आली. हिरव्या चहातील पॉलिफिनॉल द्रव्ये गाईच्या अंडपेशींच्या परिपक्वन-द्रवात घालून पाहण्यात आली. विशिष्ट मात्रेपर्यंत ब्लास्टोसिस्टचे प्रमाण वाढले आणि मात्रा आणखी चढवल्यावर ते घसरले. द्राक्षाच्या सालीतील रेसव्हेराट्रॉल या द्रव्यावर तर शोधनिबंधांची रास आहे. विजापूर, सांगली आणि तासगावच्या द्राक्षबागा आपल्या शेजारीच असल्याने त्याचे नाव आपल्या बागायतदारांनाही ठाऊक झाले आहे. कोरियातील संशोधकांनी २०१२ साली डुकरिणीच्या अंडपेशींवर ते वापरले. सूक्ष्म मात्रेत ग्लुटाथायोन वाढले, क्रियाशील प्राणवायू घटला आणि भ्रूण सुधारले. कर्नालच्या संस्थेत शेळीच्या अंडपेशींवर २०१४ साली असेच निष्कर्ष आले. शेवग्याच्या पानांचा अर्क मेंढीच्या अंडपेशींवर वापरून झाला आहे. ब्राझीलच्या ईशान्य भागातील संशोधकांनी त्यांच्याकडे दम्यावर वापरल्या जाणाऱ्या 'अंबुराना' वृक्षाचा अर्क मेंढीच्या पुटकांच्या संवर्धनासाठी वापरला, आणि त्यातील एकेक घटक वेगळा काढून कोणता उपयोगी पडतो हे तपासले. मला स्वतःला या सर्वांत हे ब्राझीलचे काम अधिक आवडले. गावच्या झाडाचा अभिमान बाळगूनही त्यांनी त्याला परीक्षेला बसवले, आणि परीक्षा घटकागणिक घेतली.

ही यादी वाचून आपल्या मनात लगेच शतावरी, असगंध, आवळा, हळद ही नावे येतात. ती येणे योग्यच आहे आणि त्यांच्यावरही प्रयोग होतात. परंतु येथे थोडे थांबून तबकडीतील प्रयोगाकडे डोळसपणे पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट मात्रेची. वर उल्लेखिलेल्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा एकच आकृती दिसते. थोडे घातले तर फायदा, जास्त घातले तर तोटा. याचे कारण अंडपेशीला क्रियाशील प्राणवायू अजिबात नको असतो असे नाही. थोड्या प्रमाणात तो पेशीतील निरोपांची देवाणघेवाण करतो. इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०११ साली मादी उंदरांच्या अंडाशयाभोवतीच अँटिऑक्सिडंट द्रव्ये सोडली, तेव्हा अंडपेशी बाहेर पडण्याची क्रियाच मंदावली. ऑक्सिडीकरण हा शत्रू आणि अँटिऑक्सिडंट हा मित्र, ही वाटणी शरीराने मान्य केलेली नाही.

दुसरी गोष्ट अर्काच्या स्वरूपाची. शुद्ध रेसव्हेराट्रॉल वजन करून घालता येते. शेवग्याच्या पानांचा अर्क म्हणजे शेकडो द्रव्यांचे मिश्रण. पान कोवळे की जून, श्रावणात खुडले की वैशाखात, पाण्यात काढले की अल्कोहोलमध्ये, यांवर त्याची घडण बदलते. धारवाडच्या काळ्या मातीतला शेवगा आणि कोकणातल्या जांभ्यावरचा शेवगा एकच समजून चालत नाही. शिवाय अर्कासोबत द्रावकाचा अंशही तबकडीत जातो. म्हणून नियंत्रण-गटात नुसते द्रावक घालून पाहिले आहे का, हा शोधनिबंध वाचताना विचारण्याचा पहिला प्रश्न असावा.

तिसरी गोष्ट अधिक विस्मयकारक आहे आणि ती फारशी कोणाला सांगितली जात नाही. पॉलिफिनॉल द्रव्ये पोषकद्रवात गेली की हवेतील प्राणवायूशी संयोग पावून स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. बॅरी हॅलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हिरव्या चहातील द्रव्यांबाबत हे दाखवून दिले. पेशींच्या अनुपस्थितीत, नुसत्या द्रवातही ही क्रिया घडते. म्हणजे आपण रक्षक म्हणून पाठवलेला शिपाई वाटेतच काही गावे लुटीत जातो. अशा वेळी अंडपेशीत जी संरक्षक विकरे वाढलेली दिसतात, ती अर्काच्या शांत सहवासाने वाढली की त्याने दिलेल्या चिमट्यामुळे, हे ठरवणे कठीण होते. कदाचित दोन्ही खरे असेल. अल्प त्रासाने पेशी सावध होते, ही कल्पना जीवशास्त्रात मान्य आहे आणि वरच्या 'थोडे चांगले, फार वाईट' या आकृतीशी ती जुळते.

चौथी अडचण मोजमापाची. अंडपेशीतील क्रियाशील प्राणवायू मोजण्यासाठी एक चकाकणारे रंगद्रव्य वापरतात. हळदीतील कर्क्युमिन आणि क्वेरसेटिन ही द्रव्ये स्वतःच चकाकतात. त्यामुळे चकाकी वाढली किंवा घटली, याचा अर्थ लावताना दमछाक होते. कर्क्युमिनच्या या व अशा अनेक खोड्यांचा हिशेब २०१७ साली औषधी-रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकात मांडला गेला. शंभराहून अधिक चाचण्यांनंतरही त्याचे औषध म्हणून यश निर्विवाद सिद्ध झालेले नाही, असा त्या लेखकांचा निष्कर्ष होता. हळदीवर आपली श्रद्धा आहे आणि तिचे स्वयंपाकघरातील स्थान अबाधित आहे; परंतु फोडणीतील चिमूट आणि संशोधनातील पुरावा यांची गल्लत करून चालणार नाही.

मग हे सारे प्रयोग व्यर्थ समजावेत काय? तसे मुळीच नाही. तबकडीत अंडपेशीला जो जाच होतो तो पुष्कळसा तबकडीनेच निर्माण केलेला आहे, आणि तबकडीच्या चौकटीत अर्क त्या जाचाला उतारा ठरू शकतो. मात्र उतारा शोधण्यापूर्वी जाचाचे कारण दूर करता येते का, हे पाहणे शहाणपणाचे. मानवी बाह्यफलनात भ्रूण २० ऐवजी ५ टक्के प्राणवायूत वाढवल्यास जिवंत बालकांच्या जन्माचे प्रमाण वाढते, असे २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेत आढळले. परिपक्वनाच्या टप्प्यावर निष्कर्ष तितके एकमुखी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तथापि नायट्रोजनचे एक नळकांडे आणि प्रकाश गाळणारे भिंग, एवढ्यावर जे साधते त्यासाठी दूरदेशीच्या वेलीचा अर्क शोधीत फिरण्याचे कारण काय?

बाटलीतून अंडाशयापर्यंत

आता टेबलावरील त्या बाटलीकडे वळू. तबकडीत अर्क थेट अंडपेशीला भिडतो. तोंडावाटे घेतलेली गोळी जठर, आतडे, यकृत, रक्त आणि मग पुटकद्रव असा प्रवास करते. रेसव्हेराट्रॉलचेच उदाहरण घेऊ. तबकडीतील उपयुक्त मात्रा बहुधा १ मायक्रोमोलरच्या आसपास, म्हणजे मिलिलिटरला सुमारे २२८ नॅनोग्रॅम असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना २५ मिलिग्रॅम रेसव्हेराट्रॉल तोंडावाटे दिले. ते आतड्यातून चांगले शोषले गेले, पण यकृत आणि आतडे यांनी त्याचे तत्काळ रूपांतर केले, आणि रक्तात मूळ रूपातील अंश मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमहूनही कमी उरला. तबकडीतल्या मात्रेचा हा चाळिसावा हिस्साही नव्हे. मग गोळी मोठी करावी, असे कोणी म्हणेल. जपानमध्ये बाह्यफलन करून घेणाऱ्या स्त्रियांपैकी काहींनी रोज २०० मिलिग्रॅम रेसव्हेराट्रॉल घेतले होते. त्यांच्या नोंदी तपासून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की भ्रूण प्रत्यारोपणाच्या काळात ते घेणाऱ्यांत गर्भधारणेचे प्रमाण कमी आणि गर्भपाताचे अधिक आढळले. हा मागे वळून केलेला अभ्यास आहे, त्यामुळे अंतिम शब्द नव्हे. परंतु गर्भाशयाच्या अस्तराची जी तयारी गर्भ रुजण्यासाठी लागते तिला रेसव्हेराट्रॉल अडथळा करते, असे प्रयोगशाळेतही दिसले असल्याने ही सूचना गांभीर्यानेच घेतली पाहिजे. तेच द्रव्य अंडपेशीला मानवते आणि तिच्या घराला मानवत नाही!

स्त्रियांना तोंडावाटे दिलेल्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांच्या चाचण्यांची कॉक्रेन समीक्षा २०२० मध्ये पुन्हा अद्ययावत झाली. साठाहून अधिक चाचण्या त्यात होत्या. फायदा असू शकेल असे काही आकडे त्यातून निघतात, पण पुराव्याचा दर्जा कमी ते अत्यंत कमी आहे, असे समीक्षकांनी स्पष्ट लिहिले. पुरुषांच्या बाजूला तर त्याच वर्षी अमेरिकेतील एक काळजीपूर्वक केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. क आणि ई जीवनसत्त्व, सेलेनियम, जस्त, लायकोपीन इत्यादींची मिश्र गोळी घेऊन शुक्रपेशींची संख्या, गती वा डीएनए यांपैकी कशातच सुधारणा झाली नाही.

तेव्हा त्या सासूबाईंना काय सांगावे? मी सांगतो ते असे. आहारातला आवळा, पालेभाजी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, द्राक्षे, डाळिंब हे सारे खुशाल घ्या. त्याला डॉक्टरची परवानगी लागत नाही. फॉलिक आम्लाची गोळी चुकवू नका. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बंद करा, कारण अंडपेशीवरील ऑक्सिडीकरणाचा तो खात्रीचा उगम आहे. पण गर्भधारणेच्या उपचारकाळात एकवटलेल्या अर्कांच्या गोळ्या, त्यावर झाडाचे चित्र असले तरी, आपल्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ नका, आणि भ्रूण प्रत्यारोपणाच्या चक्रात तर नकोच. आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. वय छत्तीस-सदतीस असलेल्या स्त्रीने 'आधी सहा महिने या गोळ्या घेऊन पाहू' म्हणून तपासणी पुढे ढकलली, तर गोळीचा अपाय एक वेळ शून्य धरला तरी गेलेल्या सहा महिन्यांचा अपाय शून्य नसतो. अंडाशयातील साठा तेवढ्यात घटतो आणि उरलेल्या अंडपेशींत गुणसूत्रांच्या चुका वाढतात. त्या चुका कोणत्याही अर्काने दुरुस्त केल्याचे आजवर दिसलेले नाही.

गोठ्याकडे परत

ज्या म्हशीपासून विषयाला आरंभ केला तिच्या बाबतीत मात्र चित्र निराळे आहे, आणि तेथे हे संशोधन खरोखर उपयोगी पडू शकते. धारवाडी म्हशीची नोंद झाली, पण नोंदीने वंश टिकत नाही. अधिक दूध देणाऱ्या मुऱ्हा रेड्याचे रेत सहज मिळते आणि शेतकऱ्याचा कल तिकडे असणे चुकीचे म्हणता येणार नाही. संकर वाढत गेला की काही पिढ्यांत शुद्ध धारवाडी म्हैस शोधावी लागेल. निवडक म्हशींच्या अंडपेशी आणि भ्रूण गोठवून ठेवणे हा त्यावरील विम्याचा एक मार्ग. नेमक्या याच ठिकाणी ऑक्सिडीकरणाचा ताण आडवा येतो. द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांतून बाहेर काढलेल्या अंडपेशीत क्रियाशील प्राणवायू उसळतो आणि ग्लुटाथायोन घटते. म्हशीच्या अंडपेशीतील स्निग्ध थेंब हे संकट आणखी वाढवतात. गोठवण्याच्या आधी व नंतरच्या काही तासांपुरते योग्य मात्रेतले संरक्षक द्रव्य, मग ते वनस्पतीतले असो वा सिस्टिअमीन, येथे निर्णायक ठरू शकते. येथे अर्काला यकृतातून जावे लागत नाही. तो तबकडीतच राहतो आणि तबकडीतच त्याचे काम संपते.

असा प्रयोग आपल्या भागात होण्यास मोठी अडचण दिसत नाही. धारवाडमध्ये कृषी विद्यापीठ आहे, पुटकांच्या अभ्यासाची परंपरा असलेले कर्नाटक विद्यापीठ आहे, आणि बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेत मेंढी व म्हशीच्या अंडपेशींवर काम करणारे शास्त्रज्ञ आहेत. बाह्यफलनाच्या तंत्रात दिवसरात्र घालवणारी आपली काही डॉक्टर मंडळी हुबळी-धारवाडातच आहेत. उबवणयंत्रातील वायू, तापमान आणि स्वच्छता यांची त्यांची जाण कोणत्याही पशुवैद्यकीय प्रयोगशाळेला हवीहवीशी वाटेल. आपली संस्था दरवर्षी एखादे व्याख्यान ठेवतेच. एका वर्षी पशुवैद्यांना बोलावून हाच विषय ठेवावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

प्रयोग झाला तर त्यात चार गट असावेत: नुसते पोषकद्रव, अर्काचे द्रावक घातलेले द्रव, सिस्टिअमीन घातलेले द्रव आणि अर्क घातलेले द्रव, आणि ते चारही २० टक्के व ५ टक्के अशा दोन्ही प्राणवायूंत करून पाहावेत. अर्क सिस्टिअमीनपेक्षा सरस ठरला नाही, तर तसे स्वच्छपणे छापावे. त्याहून कठीण भाग पुढचा आहे. अर्कांवरील बहुतेक शोधनिबंध सातव्या-आठव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट मोजून थांबतात. म्हशीचा गाभणकाळ सुमारे दहा महिने दहा दिवसांचा. तेवढा काळ थांबून जन्मलेली पारडी मोजायची, ती दुभती होईपर्यंत पुन्हा तीन-चार वर्षे थांबायचे आणि मगच या अर्काने काही साधले की नाही हे लिहायचे, एवढा धीर आणि एवढ्या वर्षांचे अनुदान कोणत्या संस्थेला जमेल, हे पाहायचे आहे.